पोर्ट एलन १९७८: फोडावी, ठेवावी की विकावी? सल्ला हवा

कोथरूडचा:
मंडळी, मामांकडून स्कॉच व्हिस्कीची एक बाटली माझ्याकडे आली आहे. मामा मर्चंट नेव्हीत होते, २००२-०३ च्या सुमारास परदेशातून आणलेली, अजून सीलबंद. आता डॉक्टरांनी त्यांची पूर्ण बंद केली, म्हणून "घेऊन जा, पण शोकेसची शोभा करू नकोस" असा दम देऊन दिली. लेबलवर लिहिलंय : पोर्ट एलन, आयला, १९७८ ची, २४ वर्षं, ५९.३५ टक्के, सेकंड रिलीज, शिवाय बाटलीचा क्रमांक. नेटवर किमती बघितल्या आणि घाम फुटला. माझी मजल आजवर ग्लेनलिव्हेटपर्यंत, तीही सोडा घालून. एवढं काय आहे हिच्यात? आणि प्यायचीच ठरवली तर कशी?

चखणाबहाद्दर:
हिच्यात सोडा घातलात तर आयडी उडवायची मागणी करेन. ह.घ्या. वाचतोय.

स्वाती_एडिनबरा:
मामांना माझा नमस्कार सांगा. दुसऱ्या रिलीजच्या १२,००० बाटल्या निघाल्या होत्या. तेव्हा हा आकडा मोठा वाटला असेल, पण बहुतेक कधीच रिचवल्या गेल्या.

पोर्ट एलन ही स्कॉटलंडच्या आयला बेटावरची डिस्टिलरी, १८२५ ची. मध्ये कित्येक वर्षं बंद होती, १९६७ मध्ये परत सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुन्हा कुलूप. कारण अगदी रुक्ष आहे. सत्तरच्या दशकात स्कॉटलंडमध्ये व्हिस्की गाळून गाळून गोदामं भरली आणि मागणी बसली. मालक कंपनीच्या आयलावर तीन डिस्टिलऱ्या होत्या : लागावुलिन, कूल ईला आणि ही. एकीचा बळी द्यायचा तर हिचा दिला. गंमत म्हणजे तेव्हा हिला सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीची, फक्त माल्टची व्हिस्की) म्हणून कोणी विचारत नव्हतं, बहुतेक माल ब्लेंडमध्ये, म्हणजे मिश्र व्हिस्कीत, धूर आणायला जायचा. उरलेली पिंपं म्हातारी होत गेली, लोकांना चव कळली ती डिस्टिलरी बंद पडल्यावर. मग २००१ ते २०१७ दरवर्षी एकेक रिलीज आली. म्हणजे ही दुर्मिळ व्हावी म्हणून कोणी बनवलेली नाही, आणि माझ्या मते तिची सगळी मजा त्यातच आहे. आजकाल पहिल्या दिवसापासून 'लिमिटेड एडिशन' छापून स्फटिकाच्या सुरईत भरतात, ते मला फारसं झेपत नाही.

स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या केनाक्रेगहून फेरीने गेलात तर बंदरात शिरतानाच पांढऱ्या गोदामाच्या भिंतीवर काळ्या ठसठशीत अक्षरात नाव दिसतं. शेजारी मोठी माल्टिंग्ज आहे, तिथे पीट (दलदलीतली वाळवलेली, जळणासारखी वापरायची माती) जाळून बार्ली वाळवतात आणि बेटावरच्या इतर डिस्टिलऱ्यांना पुरवतात. गाळणं बंद होतं त्या वर्षांतही गावात धुराचा वास यायचा. मार्च २०२४ मध्ये डिस्टिलरी पुन्हा सुरू झाली आहे, पण तुमच्या बाटलीतला माल जुन्या भट्ट्यांचा. तो काही परत होणार नाही.

हिशेबी:
भावनेत वाहून जाऊ नका, साहेब. मॅकॅलन या स्कॉचची १९२६ ची एक बाटली नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात २१ लाख पौंडांच्या वर गेली. तुमची त्या पंगतीतली नाही, तरी रक्कम लहान नाही.

आता उलटी बाजूही सांगतो. २०२२ नंतर लिलावाचा बाजार बराच उतरला आहे, त्यामुळे 'ठेवली की वाढणारच' हे डोक्यातून काढा. दुसरं, महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू विकणं गुन्हा आहे, मग ती बाटली कितीही खानदानी असो. समाजमाध्यमांवरच्या ग्रुपवर फोटो टाकून 'किंमत मेसेजमध्ये' हा उद्योग करू नका. आणि ठेवायची असो की प्यायची, आधी स्वतःचा परमिट काढून घ्या.

कोथरूडचा:
धन्यवाद ताई, धन्यवाद हिशेबी. विकायचा विचार सोडला, मामा तोंड बघणार नाहीत. पण एक शंका : ही अस्सल आहे हे कशावरून?

हिशेबी:
शंका रास्त आहे. २०१८ मध्ये स्कॉटलंडमधल्या प्रयोगशाळेत दुर्मिळ स्कॉचच्या ५५ बाटल्या कार्बनवरून वय काढायच्या पद्धतीने तपासल्या, २१ बनावट निघाल्या. त्याच्या आदल्या वर्षीचा किस्सा तर झकास आहे. स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात एका चिनी लेखकाने १८७८ ची मॅकॅलन म्हणून एका पेगाचे सुमारे दहा हजार स्विस फ्रँक मोजले. तपासणीत माल १९७० च्या आसपासचा निघाला, आणि तोही ब्लेंड! हॉटेलने पैसे परत केले. तुमच्या बाबतीत मात्र मामांनी नवी असताना स्वतः विकत घेतली आहे. याच्याइतका चांगला पुरावा नाही. जुनं बिल सापडलं तर जपून ठेवा.

निवृत्त_खलाशी:
मामा आमच्या बिरादरीतले निघाले! आता कामाचं बोलतो.

बाटली आडवी ठेवली नव्हती ना? वाइन आडवी ठेवतात, व्हिस्की उभीच. साठ टक्क्यांच्या आसपासचं अल्कोहोल सतत बुचाला लागलं की बूच पोखरतं. उजेडात बघा, पातळी खांद्याच्या वर असेल तर उत्तम. आणि लक्षात घ्या, बाटलीत गेल्यावर व्हिस्कीचं वय थांबतं. २४ ची २४ च राहणार, तेव्हा 'अजून मुरू दे' म्हणून थांबण्यात काही अर्थ नाही.

फोडताना घाई नको. वीस-बावीस वर्षांचं बूच चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं मध्येच तुटतं. आदल्या दिवशी बाटली क्षणभर तिरकी करून बूच ओलं करून घ्या. फोडताना बूच घट्ट धरायचं आणि बाटली हळूहळू फिरवायची, वर खेचायचं नाही. तरी तुटलंच तर स्क्रूने उरलेला तुकडा काढा, माल स्वच्छ मलमलच्या कापडातून गाळा, आणि दुसऱ्या बाटलीचं नीट बसणारं बूच हाताशी ठेवा. भुगा पडला म्हणून व्हिस्की वाया जात नाही.

चखणाबहाद्दर:
आणि चखणा? हा प्रश्न कोणीच घेत नाहीये.

स्वाती_एडिनबरा:
त्यावर येतेच, पण आधी जिभेची तयारी. सोड्यातून थेट पोर्ट एलनवर उडी मारलीत तर 'हॉस्पिटलचा वास येतोय' एवढंच हाती लागेल. पीटच्या धुराची सवय लावावी लागते. त्यासाठी आधी एक कूल ईला १२ किंवा लागावुलिन १६ संपवा, सावकाश. खिशाला जड वाटलं तर गोव्याच्या कुंकळ्ळीत बनणारी पॉल जॉन बोल्ड घ्या. तिची बार्ली आयलाच्या पीटवर वाळवलेली असते, त्यामुळे धुराशी ओळख चांगली होते.

मग ती संध्याकाळ. पसरट ग्लास नको, तोंडाशी निमुळता होणारा घ्या. २० मिली पुरे. बर्फ अजिबात नको, थंडीने वास मिटतो. ओतून पंधरा मिनिटं तशीच ठेवा. ओठ किंचित उघडे ठेवून हुंगा, म्हणजे अल्कोहोल नाकात झोंबत नाही. धूर, डांबर, खारा वारा, लिंबाची साल असं काहीबाही सापडेल, नाही सापडलं तरी कोणी परीक्षा घेत नाहीये. पहिला घोट नीट, अगदी छोटा.

मग पाणी, आणि इथे लाजू नका. २०१७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी संगणकावर दाखवलं होतं की धुराचा वास देणारा ग्वायकॉल हा रेणू ५९ टक्क्यांच्या वर अल्कोहोलच्या गराड्यात आत अडकून राहतो, आणि ४५ च्या खाली आलं की पृष्ठभागाकडे येतो. तुमची बाटली नेमकी ५९.३५ ची! वीस मिलीत सहा-सात मिली साधं, खोलीच्या तापमानाचं पाणी घातलं की ४५ च्या जवळ येते. थेंबाथेंबाने घाला, प्रत्येक वेळी हुंगा. जिथे आवडेल तिथे थांबा.

चखणाबहाद्दर, आयलावर कालवांवर चार थेंब व्हिस्की टाकून खातात.

चखणाबहाद्दर:
कालवं! रत्नागिरीला भावाकडे फोन लावतो.

निवृत्त_खलाशी:
कच्ची खायचं धाडस पुण्यात करू नका, वाफवून घ्या. तिखट नको, लसूण नको. मसाला शेंगदाणे, चकली, कांदाभजी सगळं त्या दिवशी रजेवर. उरलेली बाटली निम्म्याखाली गेली की छोट्या काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवा, हवेने चव उतरते.

कोथरूडचा:
ठरलं. दिवाळीनंतर, मामांच्या घरी. ते पिणार नाहीत, पण वास घ्यायला डॉक्टरांची ना नाही. तोवर कूल ईलावर सराव. परमिटचा अर्ज आजच करतो.

हिशेबी:
शेवटचं एक. रिकामी बाटली भंगारवाल्याला देऊ नका. अशा रिकाम्या बाटल्या पुन्हा भरून विकणारे आहेत. देणारच असाल तर लेबल खरवडून द्या.

कोथरूडचा:
मामींनी मनीप्लांटसाठी आधीच मागून ठेवली आहे.