मदत हवी आहे: ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे स्टुटगार्ट, सोबत नवरा आणि पावणेतीन वर्षांची लेक

नमस्कार मंडळी,

भाऊबीज झाली की लगेच मला ऑफिसच्या कामासाठी जर्मनीला जायचंय. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. मी गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या टेस्टिंगमध्ये आहे. चिंचवड-चाकण पट्ट्यात या कामात असलेल्यांना स्टुटगार्ट काही नवीन नाही, आमच्याकडून दर दोन-चार महिन्यांनी कुणी ना कुणी जातंच. पण आजवर गेले ते सगळे सडेफटिंग, किंवा बायकामुलांना घरी ठेवून. लेक झाल्यापासून माझी ही पहिलीच लांबची टूर.

तिला तेव्हा पावणेतीन पूर्ण होतील. सासूबाई सांगलीला असतात आणि त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. माझी आई निगडीला आहे, ती म्हणते "ठेवून जा की, आम्ही काय परके आहोत?" पण बाबांची पथ्यं सांभाळून दिवसभर या कार्टीमागे धावणं तिला झेपणार नाही, हे तिलाही कळतं. नवरा एकटा सगळं निभावू शकतो, त्याबद्दल शंका नाही. त्याचीच कल्पना अशी की पीएल साठलीये तर तिघंही जाऊ. दिवसा मी ऑफिसात, ते दोघं गावात, संध्याकाळी सगळे एकत्र.

ऐकायला छान वाटतं. नातेवाइकांनी 'बायकोच्या मागे मागे जर्मनीला' वगैरे विनोद करून झाले आहेत, तेव्हा ते इथे नकोत.

प्रेक्षणीय स्थळांची यादी नकोय, ती कुठेही मिळते. मला अडलंय ते वेगळंच. माझा बिझनेस व्हिसा आधीचा आहे, मल्टिपल एंट्री, तो चालेल. या दोघांनी कुठला काढायचा? नवरा म्हणतो रात्री लेक झोपली की दोन तास लॅपटॉपवर ऑफिसचं काम करेन, म्हणजे सगळी रजा जायची नाही. हे चालतं का? ऑफिसने स्टुटगार्टजवळच्या बोब्लिंगनमध्ये कामाच्या जागेजवळचं हॉटेल सुचवलंय, खोली चांगली आहे पण स्वयंपाकघर नाही. लेक वरणभात, दहीभात, पोळीचा कुस्करा यापलीकडे फार जात नाही. आणि मुख्य म्हणजे, थंडीत, अनोळखी गावात, भाषा येत नसताना, एक बाप आणि एक पावणेतीन वर्षांची मुलगी रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा नेमकं काय करतात?

शेवटचं जरा नाजूक आहे. टीममध्ये मी एकटीच बाई. कुटुंब घेऊन गेले तर 'ही सहलीला आलीये' असं वाटेल का तिथल्या लोकांना?

प्रतिसाद

व्हिसाचं सांगतो, कारण आम्ही याच वाटेने गेलो होतो. नवरा आणि मुलगी दोघांसाठी शेंगेनचा पर्यटन व्हिसा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावाच लागतो, पण दिवाळीच्या आसपास अपॉइंटमेंटची मारामारी असते, तेव्हा आत्ताच लागा. मोठ्यांना ९० युरो फी आहे, सहा वर्षांखालच्यांना व्हिसा फी माफ. अर्ज जमा करून घेणाऱ्या व्हीएफएस कंपनीचे सेवाशुल्क वेगळे. बारा वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत. मुलीच्या अर्जावर आई आणि बाबा दोघांच्या सह्या लागतात. जन्मदाखला, लग्नाचा दाखला, नवऱ्याचं रजा मंजूर झाल्याचं पत्र, तुमच्या व्हिसाची आणि जर्मन कंपनीच्या निमंत्रणपत्राची प्रत, आणि एक साधं पत्र की 'पत्नी कामासाठी जात आहे, आम्ही तिच्यासोबत पर्यटनासाठी जात आहोत'. लपवाछपवी करू नका, सरळ कारण दिलं की प्रश्न कमी येतात.

वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा हवा. कंपनीच्या पॉलिसीत बहुतेक फक्त तुम्ही असाल, या दोघांचा वेगळा काढा.

लॅपटॉपचं मात्र विसरा. पर्यटन व्हिसा कामासाठी नसतो, 'काम भारतातल्या कंपनीचं आहे' म्हणून तो नियम वाकत नाही. रजा घ्यायची तर पूर्ण घ्या. आणि खरं सांगू का, दिवसभर एकट्याने पोर सांभाळल्यावर रात्री लॅपटॉप उघडायची ताकद उरत नाही.

प्रतिसाद

तिकिटांत एक मेख आहे. तुमचं तिकीट ऑफिसचा ट्रॅव्हल डेस्क काढणार, या दोघांचं तुम्ही. पीएनआर वेगळे झाले आणि मीटिंग सरकली म्हणून डेस्कने तुमची तारीख बदलली, तर बाकी दोघं जुन्या विमानात. डेस्कला विचारा की तिघांचं एकाच पीएनआरवर काढून दोघांचे पैसे तुमच्या कार्डावर घेता येतील का. काही ठिकाणी करतात. नाहीच जमलं तर त्यांचं तिकीट तारीख बदलता येणारं घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी. लेक दोनच्या पुढे आहे म्हणजे तिला स्वतंत्र सीट लागणारच. तेच बरं, नऊ तास मांडीवर कोण घेणार!

आणि कंपनीच्या पैशाच्या खोलीत कुटुंब राहणार आहे हे एचआरकडून ईमेलवर मंजूर करून घ्या. तोंडी 'हो हो, नो प्रॉब्लेम' पुरत नाही. खर्चाचं बिल तपासणारा माणूस दुसराच असतो.

प्रतिसाद

मी स्टुटगार्टमध्ये सात वर्षं राहतेय, दोन मुलं इथेच मोठी होताहेत. ताई, तुमच्या सगळ्या प्रश्नांत एक गोष्ट उलटी आहे. तुम्ही हॉटेल तुमच्या ऑफिसजवळ बघताय. तुम्ही तर दिवसभर हीटर लावलेल्या इमारतीत असणार! घर बघायचं ते त्या दोघांच्या सोयीने. बोब्लिंगनहून शहरात यायला एस-१ लोकलने साधारण अर्धा तास लागतो. तो अर्धा तास रोज तुम्ही जा. स्ट्रोलर, पाण्याची बाटली, झोपेला आलेली मुलगी असा लवाजमा घेऊन त्यांनी का जायचं?

शहरात पश्चिम भाग किंवा दक्षिणेला मारिएनप्लाट्झच्या आसपास स्वयंपाकघर असलेलं सर्व्हिस अपार्टमेंट मिळतंय का बघा. मारिएनप्लाट्झवरून त्साके नावाची दातेरी रुळांची जुनी गाडी डेगरलोखच्या डोंगरावर चढते. १८८४ पासून धावते आहे. माझा मुलगा त्या वयाचा होता तेव्हा आम्ही नुसते वर जायचो, खाली यायचो, पुन्हा वर. एक अख्खी सकाळ निघते. पण गाव वाटीसारखं आहे, चारी बाजूंनी चढ आणि जागोजागी पायऱ्या, म्हणून घर नक्की करताना नकाशावर चढ बघा. स्ट्रोलर हलका, छत्रीसारखा मिटणारा आणा.

आता नऊ ते सहाचं. ते मुळात नऊ ते सहा असणारच नाही. हिवाळ्यात वेळेत साडेचार तासांचा फरक असतो, आपण पश्चिमेकडे आलेलो, त्यामुळे पहिले चार-पाच दिवस लेक पहाटे तीन-चारला टक्क जागी आणि संध्याकाळी पाचला पेंगायला लागणार. त्यात नोव्हेंबरच्या मध्याला पावणेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. तिच्याशी भांडू नका. सकाळी लवकर बाहेर, दुपारी घरी जेवण आणि झोप, मग एखादी छोटी चक्कर. दिवसाला एकच ठिकाण.

थंडीच्या, पावसाच्या दिवसांसाठी: मायलांडर प्लाट्झवरचं शहर ग्रंथालय. बाहेरून पांढरा ठोकळा दिसतो, आत मुलांसाठी पुस्तकांचा मोठा विभाग आहे, बसायला पैसे नाहीत, कार्ड नाही, कुणी हटकत नाही. विल्हेल्मा हे प्राणिसंग्रहालय आणि वनस्पती उद्यान एकत्र आहे, वर्षभर रोज उघडं, आणि तिथली काचघरं उबदार असतात. हिवाळ्यात तिकीटही स्वस्त. जवळच रोझेनश्टाइनच्या बागेत निसर्गविज्ञानाचं संग्रहालय आहे, डायनासोरवालं, सोमवारी बंद. बाड कानश्टाट भागात खनिज पाण्याचे झरे आहेत, तिथून नदीपलीकडच्या लॉइत्झ स्नानगृहात मुलांचा वेगळा भाग आहे. पोहण्याचे डायपर मात्र घेऊन जा.

आणि पाऊस नसेल तर थंडीतही बाहेर खेळायचंच. खेळाची मैदानं गल्लोगल्ली आहेत, इथली मुलं चार अंश तापमानात वाळूत लोळतात. वॉटरप्रूफ पँट आणि गमबूट पुण्याहून आणू नका, इथे सेकंडहँड दुकानात बघा. तुमच्या मिस्टरांना ओळखी हव्या असतील तर वस्त्यांमध्ये कुटुंब केंद्रं असतात, तिथल्या कॅफेत छोटी मुलं घेऊन कुणीही जाऊन बसू शकतं. बाबा लोकही भरपूर येतात. कुणी वळून बघणार नाही.

अकरा नोव्हेंबरच्या आसपास संत मार्टिनच्या निमित्ताने छोटी मुलं हातात कागदी कंदील घेऊन संध्याकाळी मिरवणूक काढतात. तोवर पोहोचलात तर चुकवू नका, आकाशकंदील नुकताच उतरवून आलेल्या मुलीला गंमत वाटेल.

प्रतिसाद

जेवणाबद्दल. तांदूळ, मसूर डाळ, दही, दूध सगळं साध्या सुपरमार्केटमध्ये मिळतं, तूरडाळ भारतीय किंवा तुर्की दुकानात बघा. भारतातून तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका, युरोपियन युनियनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना आणता येत नाहीत. बाळांचं पॅकबंद अन्न त्यातून वगळलंय, ठरावीक वजनापर्यंत. तूप हवंच तर तिथे बुटरश्माल्त्स म्हणून डबा मिळतो, तो फोडणीला आणि भातावर दोन्हीला चालतो. छोटा राइस कुकर न्या. व्होल्टेज सारखंच आहे, फक्त आपली तीन पिनांची प्लग बसत नाही, अडॅप्टर लागेल.

शनिवारी पोहोचत असाल तर त्याच दिवशी दूध, ब्रेड, डायपर घेऊन ठेवा. रविवारी दुकानं बंद. बेकऱ्या थोडा वेळ आणि रेल्वे स्टेशनातली दुकानं, एवढंच उघडं.

प्रतिसाद

मी इथली जुनी आजी. दोन नातवंडं सांभाळली आहेत म्हणून बोलते, राग नको. तीन आठवड्यांनी मूल विसरत नाही, खंगत नाही. बाबा घरी असताना तर नाहीच. थंडीत नेऊन आजारी पाडण्यापेक्षा घरचं अंथरूण बरं नव्हे का?

धागाकर्ती

आजी, राग कसला. हे माझ्याही मनात येऊन गेलंय. पण लेक विसरेल म्हणून नाही, तिला नेण्याजोगं वय आणि नवऱ्याकडे रजा हे दोन्ही पुन्हा एकदम जुळून येईलसं वाटत नाही, म्हणून नेतोय. आजारपणाची भीती मात्र आहेच. तिथे रात्री ताप आला तर काय करायचं, कुणी सांगेल का?

स्टुटगार्टच्या ताई, तुम्ही डोळे उघडलेत. आज दुपारी ट्रॅव्हल डेस्कला अपार्टमेंटबद्दल लिहिलं. 'पॉलिसीत बसतं का बघतो' असं उत्तर आलंय, म्हणजे आता रोज आठवण करावी लागणार.

प्रतिसाद (स्टुटगार्टहून पुन्हा)

जीव धोक्यात असेल तर ११२. तसं नसेल पण दवाखाने बंद आहेत, तर ११६११७ वर फोन करायचा, ते ड्युटीवरचा डॉक्टर सांगतात. शहरात मुलांचं मोठं हॉस्पिटल आहे, ओल्गा हॉस्पिटल. पॅरासिटामॉलचं सिरप औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं, पण तुमच्या डॉक्टरांनी वजनानुसार डोस लिहून दिलेलं, सवयीचं औषध सोबत असू द्या. बिल बहुधा आधी भरावं लागेल, पावत्या जपून ठेवा.

फ्रँकफर्टला उतरत असाल तर टॅक्सी नको. गाडीत मुलांना चाइल्ड सीट सक्तीची आहे आणि ऐनवेळी मिळेलच असं नाही. विमानतळाखालूनच आयसीई ही जलद रेल्वे मिळते, सव्वा तासात स्टुटगार्ट. सहा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. लहान मुलांसाठी वेगळा कप्पा असतो, त्यात जागा राखून ठेवा. फक्त स्टुटगार्टच्या मुख्य स्टेशनाचं बांधकाम २०१० पासून चाललंय, फलाटापासून बाहेर यायला बरंच चालावं लागतं. सामान दोन मोठ्या बॅगांपेक्षा जास्त नको. डॉइचलांड तिकीट, म्हणजे देशभरच्या लोकल-बसचा मासिक पास, २०२६ च्या जानेवारीपासून ६३ युरो झालंय आणि ते कॅलेंडर महिन्याचं असतं. तुमची सहल नोव्हेंबर-डिसेंबर अशी दोन महिन्यांत येते, त्यामुळे शहरापुरतं आठवड्याचं तिकीट स्वस्त पडतं का ते आधी मोजा.

प्रतिसाद

ऑफिसच्या प्रश्नावर कुणीच बोललं नाही म्हणून. मी पुण्याहून तिकडे जाऊन-येऊन असते आणि मीही टीममध्ये एकटीच. जर्मन सहकारी स्वतःच पाचला उठून मुलांना डे-केअरमधून आणायला जातात, त्यांना तुमचं काही वाटणार नाही. वाटलं तर ते आपल्याकडच्याच एखाद्याला वाटेल. मी काय करते, पहिल्याच दिवशी मॅनेजरला सांगून टाकते की घरचे सोबत आहेत, या अमुक दोन संध्याकाळी टीमबरोबर जेवायला येईन, बाकी दिवस नाही. आणि त्या दोन संध्याकाळी खरंच जाते, घड्याळ न बघता. पुरुष सहकारी बायको घेऊन आले की कुणी असा धागा काढत नाही, हेही जाता जाता.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिसाची अपॉइंटमेंट आज घेतली, एचआरला ईमेल गेला. नवऱ्याने हा धागा वाचला आणि लॅपटॉप घरी ठेवायचं कबूल केलं, त्याऐवजी त्या दातेरी गाडीचे व्हिडिओ लेकीला दाखवत बसलाय.

एकच राहिलं. डेस्क म्हणतंय की अपार्टमेंट मिळेल, पण तीन आठवड्यांतला पहिला आठवडा हॉटेलमध्येच काढावा लागेल. म्हणजे जेटलॅगचे दिवस स्वयंपाकघराशिवाय. हॉटेलच्या खोलीत राइस कुकर लावला तर स्मोक अलार्म वाजतो का? कुणी लावून बघितलाय का?