धडधड, चिंता आणि थेरपी: तुमचे अनुभव सांगाल?

अबोली
काल दादरला लोकलमध्ये एका मुलीला एकदम गुदमरायला लागलं. हात थरथरत होते, 'मला काहीतरी होतंय' एवढंच म्हणत होती. तिच्याबरोबर सावकाश श्वास मोजत बसले आणि माझेच दिवस आठवले. ईसीजी नॉर्मल, टूडी एको नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल, तरी रात्री दोनला छातीत धडधड. शेवटी फॅमिली डॉक्टरांनीच मानसतज्ज्ञांकडे पाठवलं. मला वाटलेलं नुसतं बोलायचं असेल. तिथे वही करायला लावली. काय घडलं, मनात काय आलं, भीती शंभरपैकी किती, पुरावा काय. पॅनिक अटॅक बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरतो, हेही तिथेच कळलं. हे कळल्यावर अर्धी भीती गेली. लिहा तुम्हीपण, कुणाला तरी उपयोग होईल.

पाटवडी
गोळ्या होत्या का सोबत? (कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते)

अबोली
हो, सुरुवातीला. सायकियाट्रिस्टनीच हळूहळू कमी केल्या. मनाने बंद करू नका कुणी प्लीज.

कऱ्हाकाठ
मला लिफ्टची भीती. अकराव्या मजल्यावरचं ऑफिस, रोज जिन्याने. थेरपिस्टनी आधी नुसतं लिफ्टसमोर उभं केलं. मग दार उघडं ठेवून आत. मग एक मजला. घाम फुटायचा, पण भीती कमी होईपर्यंत आतच थांबायचं, पळायचं नाही. आपण टाळत जातो तशी भीती वाढत जाते, हे अंगाने कळलं तेव्हा पटलं. आता जातो लिफ्टने. गुडघे मात्र जिन्यामुळे मस्त झालेत!

सोनचाफा
आमच्याकडे आरईबीटी, म्हणजे रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी, अविवेकी विचार बदलायला शिकवणारी. अल्बर्ट एलिस यांची पद्धत, १९५५ पासूनची. 'नोकरी टिकलीच पाहिजे, नाहीतर संपलं सगळं' असं घोकत होते. त्याऐवजी 'टिकावी असं मनापासून वाटतं, गेली तर फार जड जाईल, पण निभावेन'. वाचायला सोपं वाटतं, गळी उतरायला महिने लागले. 'मन घट्ट कर' म्हणणाऱ्या नातेवाईकांना कुणीतरी हे समजावा.

पाटवडी
आले. मला चिंतेची वेळ ठरवून दिली होती, संध्याकाळी पंधरा मिनिटं. दिवसभर काही डोक्यात आलं की कागदावर टिपायचं आणि म्हणायचं, तुझा नंबर साडेसहाला. साडेसहापर्यंत निम्म्या चिंता शिळ्या झालेल्या असायच्या. आमच्याकडे पाणीही साडेसहालाच येतं 😄

कऱ्हाकाठ
पाटवडी, तुमच्याकडे रोज येतं? आमच्याकडे दिवसाआड.

जर्सीकर
इथे न्यू जर्सीत एका बाईंकडे जायचो, चांगल्या होत्या. पण बाबांच्या आजारपणाबद्दल इंग्रजीत बोलताना डोळ्यांत पाणीच यायचं नाही. पुण्याच्या एका ताईंशी व्हिडिओवर मराठीत बोललो, पहिल्याच वेळी ढसाढसा रडलो. नंतर झोप लागायला लागली.

सोनचाफा
जर्सीकर, बाबा कसे आहेत आता?

जर्सीकर
बरे आहेत, सकाळी फिरायला जातात 🙏

रानमेवा
मी अजून गेले नाहीये कुठेच. फी झेपेल का याचंच टेन्शन. मिस्टरांना सांगितलेलं नाही.

अबोली
रानमेवा, आधी १४४१६ ला फोन कर. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीतही खर्च अगदी कमी. ठाण्याजवळ असशील तर आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेत विचारून बघ. मिस्टरांचं नंतर बघू, आधी तू बोल.

रानमेवा
ठाण्यातच आहे. दुपारी मुलं शाळेत गेली की करते.