कार्डाच्या थकबाकीपायी पगाराला कात्री: बरोबर की चूक?

कळवेकर:
धाकट्या भावाच्या पगाराच्या स्लिपवर गेल्या महिन्यात नवी ओळ दिसली: 'कोर्ट कपात ९,०००'. पगार २८,०००. क्रेडिट कार्डाचे पैसे थकलेत, नाकारत नाही. पण समन्स गेलं जुन्या भाड्याच्या खोलीवर, हा हजर नाही, निकाल एकतर्फी. आम्हाला कळलं ते एचआरने बोलावून पत्र दाखवलं तेव्हा.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित, बाकीचं जप्तीत. ते हजार २००२ पासून तसेच आहेत, आधी ४०० होते. आज हजाराची नोट घेऊन (ती तरी कुठे राहिलीय म्हणा) गॅस सिलिंडर आणला की हातात काय उरतं? माझं मत: किमान वेतनाएवढी रक्कम पूर्ण सोडा, कापायचं ते त्यावरच्यातून कापा.

जुना_वसुलीवाला:
चार वर्षं वसुली खात्यात काढलीत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. एका हुकूमनाम्यात (म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा आदेश) पगाराची जप्ती एकूण २४ महिनेच चालते, पुढे त्याच हुकूमनाम्यावर पगार कायमचा मोकळा. तुमच्या भावाचे फार तर २,१६,००० जातील. किमान वेतन सोडायचं म्हटलं तर २८,००० वाल्याकडून फारच थोडं निघेल. मग त्याला कार्ड कोण देईल? तो गाठेल गल्लीतला सावकार, आणि तो काही कलम ६० वाचत बसत नाही.

कळवेकर:
वापरले होते ७०,०००. बाकी सगळं व्याज आणि दंड. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं, तेही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केलं. मग सामान्य माणसाला संरक्षण उरलं कुठे?

काळा_कोट:
वाद नंतर घाला, आधी तारीख बघा. समन्स नीट बजावलं नसेल तर एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा अर्ज तो कळल्यापासून ३० दिवसांत करावा लागतो. पीएफ आणि ग्रॅच्युइटी जप्तीतून बाहेर आहेत. 'कलम ६० ची सवलत मला नको' असं बँकेने आधीच लिहून घेतलं असेल तर ते लिखाण कायद्यानेच रद्दबातल. आणि हुकूमनामा नसताना फोनवर 'उद्या पगार थांबवतो' म्हणणारा एजंट निव्वळ दम देतोय. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्याने फोनही करायचा नाही, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे.

ह्यूस्टनकर:
आमच्या टेक्सासात कार्डाच्या कर्जासाठी पगार जप्त होतच नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मात्र कायद्याने हातातल्या पगाराच्या २५ टक्क्यांपर्यंत कापता येतो. पण हुरळू नका. पगार बँकेत जमा झाला की इथेही खात्यावर जप्ती येऊ शकते.

जुना_वसुलीवाला:
पत्त्याचा घोळ मान्य. खोलीला कुलूप दिसलं की नोटीस चिकटवून मोकळं होणारे पाहिलेत मी. किमान वेतनाचं मात्र पटत नाही. पगारदार पतसंस्थेचा हप्ता तर कोर्टाशिवायच पगारातून कापला जातो, तिथे कोणी तक्रार करत नाही.

कळवेकर:
तिथे कपातीच्या कागदावर आपणच सही केलेली असते हो. असो. ३० दिवसांतले ११ गेलेत. एचआरच्या पत्रावर कोर्टाचं नाव आहे, पण झेरॉक्समध्ये दाव्याचा नंबर अर्धा कापला गेलाय. उद्या मूळ पत्र मागायला जातोय.