'हॉपी' बिअरची चव मराठीत कशी सांगावी?

प्रश्न : क्राफ्ट बिअरच्या वर्णनात 'हॉपी' हे विशेषण वारंवार येते. त्यासाठी मराठीत 'कडू' किंवा 'कडवट' म्हटले तर चालेल का?

उत्तर : माझ्या मते चालणार नाही, कारण 'कडू' हा शब्द चवीपुरता आहे आणि 'हॉपी' म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा आधी वास असतो. हॉप्स म्हणजे भांगेच्या कुळातील एका वेलीचे, मादी रोपावर येणारे शंकूच्या आकाराचे फुलोरे. त्यांच्या आत जी पिवळी, चिकट भुकटी असते, तिच्यात अल्फा आम्ले आणि सुगंधी तेले अशी दोन द्रव्ये एकत्र नांदतात. माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, गोड काढ्यात हॉप्स तासभर उकळले की अल्फा आम्लांचे रूप पालटते, ती द्रवात विरघळतात आणि कडूपणा येतो. मात्र तेवढ्या वेळात बरीचशी तेले वाफेबरोबर निघून जातात. याउलट, आंबवण्याची क्रिया संपत आल्यावर थंड बिअरमध्ये हॉप्स भिजत घातले, म्हणजेच 'ड्राय हॉपिंग' केले, तर वास भरभरून उतरतो आणि कडूपणा त्या मानाने फारसा वाढत नाही. अमेरिकेत व्हरमाँटकडे रुजलेली गढूळ आयपीए ('इंडिया पेल एल' हा हॉप्स सढळ हाताने वापरणारा बिअरचा प्रकार) भरपूर हॉपी असूनही पुष्कळदा कडू लागत नाही, ती यामुळेच. म्हणून विशेषण 'हॉपी' असेच ठेवावे आणि पुढे वास व चव यांचे वर्णन स्वतंत्रपणे करावे.

चवीसाठी आपल्याकडे शब्दांची वाण नाही, फक्त निवड काळजीपूर्वक करायला हवी. 'कडवट' या शब्दाला नापसंतीची छटा आहे, तर 'कडसर' हा 'गोडसर', 'आंबटसर' यांच्याच पंगतीतला असल्यामुळे हव्याहव्याशा, बेताच्या कडूपणाला तो नेमका बसतो. काही जण 'तिक्त' सुचवतात. आयुर्वेदाच्या परिभाषेत ते बरोबरच आहे, कारण तेथे 'तिक्त' म्हणजे कडू आणि 'कटु' म्हणजे तिखट. परंतु आजचा मराठी वाचक 'तिक्त' वाचून मिरचीच आठवेल, असे मला वाटते. 'तुरट' मात्र कडूपासून कटाक्षाने वेगळा ठेवावा. तो चवीपेक्षा स्पर्शाच्या जवळचा आहे: तोंड कोरडे पडते, जीभ टाळूला घासते. हॉप्सचा पाला बिअरमध्ये अति उतरला की हा तुरटपणा येतो, आणि घाईत त्यालाच कडूपणा समजले जाते.

कॅलिफोर्नियातील चिको येथे 1980 पासून तयार होणारी सिएरा नेवाडा पेल एल ही बिअर उदाहरणादाखल घेऊ. तिच्यात मद्यार्क 5.6 टक्के आणि कडूपणाचा अंक 38 आहे. एक लिटर बिअरमध्ये रूप पालटलेले अल्फा आम्ल साधारण एक मिलिग्रॅम असेल तर तो अंक एक धरतात. तिची ओळख ठरलेले कॅस्केड हे हॉप्स ऑरेगनमध्ये विकसित होऊन 1972 मध्ये लागवडीसाठी खुले झाले. बिअर फार गार नसावी. आठ-दहा अंश सेल्सिअसला पेला किंचित फिरवून, फेस टिकून आहे तोवर आधी वास घ्यावा, कारण तेले लवकर उडतात. मी तिचे वर्णन असे करीन: "पपनसाच्या सालीचा ताजा वास, त्यामागे चिडाच्या राळेची छटा; घोट घेताच माल्टचा भाजका गोडवा, आणि गिळल्यावर सावकाश वर येऊन जिभेवर रेंगाळणारी कडसर चव." घोट गिळणे येथे आवश्यक आहे, कारण कडूपणा उशिरा चढतो आणि घशातून नाकाकडे परतणारा वास गिळल्यावरच पुरता कळतो. कडूपणाचा अंक वाचून चवीचा निकाल देऊ नये. माल्टचा गोडवा कमी असला तर हाच 38 अंक अधिक बोचतो.

पुरवणी (दुसऱ्या उत्तरकर्त्याची) : वरील विवेचनाशी मी सहमत आहे, दोषांच्या शब्दांबद्दल थोडी भर घालतो. बिअरवर ऊन पडले की हॉप्समधून आलेली कडू द्रव्ये फुटून एक गंधकयुक्त संयुग तयार होते. इंग्रजी वर्णनांत त्याला 'स्कंक' या प्राण्याचे नाव देतात, पण तो प्राणी आपल्याकडे नाही, तेव्हा 'उन्हाने बिघडलेला, जळक्या रबराकडे झुकणारा वास' असे म्हणणे वाचकाला अधिक उपयोगी पडेल. तपकिरी बाटली यावरचाच उपाय आहे. हवा लागून शिळ्या झालेल्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. तेथे 'कुबट' हा शब्द अगदी चपखल आहे. नीट न साठवलेल्या जुन्या हॉप्सचा वास मात्र चीजसारखा, घामट असतो. त्याला 'खवट' म्हणू नये, कारण तो शब्द आपण बिघडलेल्या तेला-तुपाला आणि खोबऱ्याला वापरतो, आणि तो वास निराळा आहे.