'सुरक्षेचा इतिहास' म्हणजे नक्की कशाचा?

सुरसागरकाठ

भाचीने पीएचडीला विषय घेतलाय, एकोणिसाव्या शतकापासूनचा सुरक्षेचा इतिहास. रविवारी शेव-उसळ खाता खाता तिने हे जाहीर केलं आणि आमचे मेहुणे म्हणाले, "म्हणजे वॉचमन लोकांचा?" सगळे हसले, ती रुसली. मी दोन दिवस डोकं खाजवतोय. विषय अस्सल आहे असं माझं मत झालंय, पण ती चुकीच्या टोकाने धरतेय असंही वाटतंय. म्हणून हा धागा.

ती सांगते ते थोडक्यात असं. नेपोलियन हरल्यावर १८१५ ते १८१८ वेलिंग्टनच्या हाताखाली दीड लाख फौज फ्रान्समध्ये बसून होती आणि दोस्तांचे राजदूत पॅरिसात नेमाने बैठका घेत होते. लढाई जिंकून झाली होती, आता शांतता राखायची होती. त्या 'राखण्या'तून पुढे बरंच काही निघालं. १८५१ साली पॅरिसला पटकी (कॉलरा) आणि क्वारंटाइनवर परिषद भरली. १८९८ मध्ये जिनिव्हात सम्राज्ञी एलिझाबेथचा खून झाला आणि काही महिन्यांत रोमला अराजकवाद्यांवर गुप्त परिषद. रोगाचे जंतू असोत की बाँबवाले, सरकारांनी दोघांनाही 'धोका' या एकाच खात्यावर मांडलं. १९९० च्या दशकात बुझान, व्हेवर वगैरे कोपनहेगनच्या मंडळींनी त्याला सिद्धांताचं रूप दिलं. धोका नुसता असत नाही, कोणीतरी तो जाहीर करतो, ऐकणारे मान डोलावतात, आणि मग एरवी ज्याला कोणी हो म्हटलं नसतं त्याला परवानगी मिळते.

इथवर ठीक. पण बडोद्यात राहून पॅरिसपासून सुरुवात का? आपल्याकडे बहांदरी होती, म्हणजे जामिनकीची पद्धत. गायकवाडांच्या नुसत्या शब्दावर सावकार किंवा सरदार विसंबत नसे, अरब जमादार, म्हणजे भाडोत्री अरब शिपायांचा नायक, मध्ये जामीन राहायचा. १८०२ मध्ये कंपनीने अरबांना शहराबाहेर काढलं आणि ती जामिनकी स्वतःकडे घेतली. पुढे रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, दरबारच्या घरात नाक खुपसायचा ते बरेचदा याच बहांदरीचा दाखला देऊन. माझ्या मते आपल्या सुरक्षेच्या इतिहासाचं पहिलं पान हे आहे. कोणाच्या वतीने कोण जामीन राहिला, हे आधी विचारा.

रावपुरा_रिटर्न्स

काका, जुनीच दारू, नवी बाटली. पोलिसांचा इतिहास आहे, कायद्याचा आहे, राजनयाचा आहे. तिन्हींची भेळ करून वर 'सुरक्षा' भुरभुरायची की झाला नवा विषय. पटकी सुरक्षा, पासपोर्ट सुरक्षा, उद्या धान्याचं कोठार सुरक्षा. मग सुरक्षा नाही असं उरतं काय? जो शब्द सगळ्याला लागू पडतो तो अभ्यासाच्या कामाचा नाही.

आणि बहांदरीबद्दल स्पष्टच बोलतो. तो कर्जाचा मामला होता. इंग्रजीत जामिनाला आणि सुरक्षेला एकच शब्द, सिक्युरिटी, म्हणून तुम्हाला ते सारखे दिसले. मराठीत जामीन वेगळा, सुरक्षा वेगळी. तुम्ही मराठीतून सुरुवात करा म्हणता आणि कोटी मात्र इंग्रजीवर करता.

सुरसागरकाठ

@रावपुरा, शेवटचं वाक्य लागलं. मान्य, सावकारी बहांदरीपुरता तुमचा मुद्दा बिनतोड आहे.

पण १८०७ चा, बडोद्याचा रेसिडेंट वॉकर याचा काठेवाडचा बंदोबस्त घ्या. त्यात तिथल्या ठाकोरांकडून, म्हणजे छोट्या संस्थानिकांकडून, खंडणीच्या आकड्याशिवाय फेलजामीन लिहून घेतला होता. 'फेल' म्हणजे वर्तणूक. शेजाऱ्यावर धाड घालणार नाही, लुटारूंना थारा देणार नाही, आणि मी चुकलो तर माझ्यासाठी अमुक जण बांधील. इथे पैसा नाही, माणसाची चाल तारण ठेवलीय. २०२४ पर्यंतच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम ११० चा 'चांगल्या वर्तणुकीचा जामीन' आठवतोय? गणपती जवळ आले की तसल्याच मुचलक्यांची धांदल सुरू होते. ही दोन कागदं शेजारी ठेवली तर मध्ये काय काय घडलं हे शोधायला पोलिसांचा इतिहास पुरत नाही आणि राजनयाचाही पुरत नाही.

जुन्या दप्तरात 'सुरक्षा' शब्द शोधत बसलात तर काही हाती लागायचं नाही. तिथे बंदोबस्त, चौकी, पहारा, जामीन हे शब्द. वसुली ठरवायची तोही बंदोबस्त आणि विसर्जनाला पोलीस उभे राहतात तोही बंदोबस्तच! आपल्या भाषेने ही दोन कामं कधी वेगळी मानलीच नाहीत.

लष्करवाला_ग्वाल्हेर

मी ग्वाल्हेरचा, त्यामुळे 'धोका जाहीर केला जातो' हे वाचून जरा हसू आलं. माझे आजोबा मुरैनाकडे पटवारी होते. दिवस मावळला की आजी कंदील बारीक करायची आणि जोड्यांची संख्या बाहेरून दिसू नये म्हणून पुरुषांचे जोडे आत घ्यायची. तिच्यापुढे कोणी काही जाहीर केलं नव्हतं. १९७२ मध्ये जौऱ्याला जयप्रकाशजींपुढे बागी, म्हणजे चंबळचे डाकू, बंदुका ठेवायला लागले तेव्हा कुठे ती अंगणात झोपली. हे विद्यापीठातले सिद्धांत ज्यांना कधी कोणी लुटलं नाही त्यांनी लिहिलेत असं मला वाटतं.

जाता जाता: बडोद्याच्या १८७५ च्या विषप्रयोग खटल्यात आमचे जयाजीराव शिंदे आणि दिनकरराव राजवाडे दोघेही चौकशी आयोगावर होते. भाचीबाईंना ते सोडून कसं चालेल?

मोडीवाली_ताई

@लष्करवाला, आजींची भीती कोणी खोटी म्हणत नाहीये हो. प्रश्न असा की कोणाच्या भीतीचा कागद होतो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा बघा. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. नाव नोंदवा, हजेरी द्या, गाव सोडायचं तर पास घ्या. आधी उत्तरेत, पुढे १९११ च्या कायद्याने सगळ्या ब्रिटिश मुलखात. प्रवाशांची भीती आर्काइव्हमध्ये गठ्ठ्यांनी सापडते. हजेरीच्या रांगेतल्या बाईला पोलीस पाटलाची जी भीती वाटत असेल तिचा कागद नाही. कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का गेला नाही. १९९८ मध्ये या जमातींच्या, म्हणजे विमुक्तांच्या, हक्कांसाठी महाश्वेता देवी आणि गणेश देवी उभे राहिले, आणि गणेश देवी तेव्हा इथेच बडोद्यात होते. असं असताना मुलीला पॅरिसला कशाला धाडायचं?

विषप्रयोगाचा खटला मात्र उदाहरण म्हणून झकास आहे. बडोद्याचा रेसिडेंट कर्नल फेअरच्या सरबतात सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड सापडल्याचं प्रकरण, नोव्हेंबर १८७४. आरोप महाराज मल्हारराव गायकवाडांवर. तपासाला मुंबईचे पोलीस कमिशनर सूटर आले. आयोगात तीन इंग्रज, तीन हिंदी. इंग्रज म्हणाले दोषी, हिंदी म्हणाले सिद्ध झालं नाही. तीन विरुद्ध तीन! तरी एप्रिल १८७५ मध्ये मल्हारराव पदच्युत झालेच, आणि जाहीरनाम्यात कारण विषाचं नाही, गैरकारभाराचं. धोका सिद्ध झाला नाही, पण धोक्यावरची कारवाई पार पडली. कोपनहेगनवाल्यांना यापेक्षा चांगला दाखला कुठे मिळणार?

रावपुरा_रिटर्न्स

ताई, तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केलात. हा खटला समजायला सार्वभौम सत्ता आणि मांडलिक संस्थान हा जुना विषय पुरेसा आहे. मल्हाररावांना कोणी साधू म्हणत नाही, त्यांच्या कारभाराच्या तक्रारी विषाच्या आधीपासून होत्या. 'धोका जाहीर करणे' हे चष्मे लावून तुम्हाला जास्त काय दिसलं ते सांगा.

मोडीवाली_ताई

पोलीस कमिशनर दिसला. गादीचा प्रश्न सोडवायला मुंबईहून गुन्हे तपासणारा माणूस येतो, नोकराच्या पट्ट्यात पुडी सापडते, आणि राजकारण पंचनाम्यात उतरतं. मांडलिक संस्थानांवरच्या लेखनात ही पुडी तळटीपेत जाते. मला ती वर हवी.

जमादार_निवृत्त

मी शिकलेला नाही तुमच्याइतका. पोलिसात बत्तीस वर्षं काढली, बडोदा आणि आसपास. एका ठाण्यात माझ्याकडे रात्रीचा फेरा होता. यादीतल्या माणसाच्या दारात जायचं, हाक मारायची, "छे के?" (आहेस का?) आतून "हा साहेब" आलं की वहीत वेळ टाकायची आणि पुढचं घर. रात्री एक, पुन्हा चार. एका घरात माणूस वारला होता, तरी त्याचं नाव यादीतून निघायला महिने गेले. तोवर मी हाक मारायचो आणि त्याचा मुलगा आतून "हा साहेब" म्हणायचा. बारा-तेरा वर्षांचा असेल. मी वेळ टाकायचो.

यादी कोणी, कधी केली हे मी कधी विचारलं नाही. वरून आली होती. आज इथे फेलजामीन वाचला आणि ती वही आठवली. लष्करवाल्यांचंही खरं आहे, त्या वस्तीतल्या दोघांनी घरं फोडलेली होती, मीच पकडले. पण हाक पस्तीस दारांत मारत होतो.

रावपुरा_रिटर्न्स

जमादारसाहेब, नमस्कार. यावर मला वाद घालायचा नाही.

विषयाच्या नावाबद्दल माझा हट्ट कायम आहे. काका, भाचीला सांगा, प्रबंधाला 'सुरक्षेचा इतिहास' असं मोघम नाव देऊ नको. 'वर्तणुकीचा जामीन' असं दे, १८०७ पासून. मग मी पहिला वाचक.

सुरसागरकाठ

तिला सगळा धागा वाचून दाखवला. १८१५ सोडायला तयार नाही, गाइड तिकडचे आहेत. पण फेलजामीन तिने ऐकलेला नव्हता, आणि मोडी येत नाही हे आज पहिल्यांदा कबूल केलं. @मोडीवाली_ताई, तुमचा वर्ग अजून दांडिया बाजारातच भरतो ना? @जमादार, तिला तुम्हाला भेटायचंय. टेप लावणार नाही म्हणाली, नुसती बसेल.