रुबीत (प्रोग्रामिंगची भाषा) फाइली सॉर्ट करताना 'पान १०' हे 'पान २' च्या आधी येतंय

प्रश्न:
आजोबांची कीर्तनाची वही स्कॅन करून घेतलीये, सगळी पानं एकाच फोल्डरमध्ये, नावं 'पान १', 'पान २' अशी देवनागरी आकड्यांत, आणि त्यातच पीडीएफ, स्क्रीनशॉट काय काय पडलंय. मला फक्त जेपीजी हवेत, पानांच्या क्रमाने. डिर.ग्लोब (फोल्डरमधल्या फाइलींची यादी देणारी आज्ञा) केलं की १ नंतर थेट १०, ११ आणि मग कुठे २. आकडा वेगळा काढून टू_आय (मजकुरातल्या आकड्याची संख्या करणारं) लावला तर सगळ्यांचं शून्यच येतंय. काही फाइली तर लिस्टमध्येच नाहीत. लिनक्सवर आहे.

उत्तर १:
ग्लोब रुबी ३.० पासून आपोआप सॉर्ट करून देतं पण अक्षरांप्रमाणे, म्हणून असं होतंय. आणि टू_आय ला देवनागरी आकडे कळतच नाहीत, '१०' दिलं तरी शून्य, रेगेक्समधला (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) बॅकस्लॅश डी, म्हणजे 'कुठलाही अंक', पण ते पकडत नाही. सॉर्ट_बाय (कशावरून क्रम लावायचा ते सांगणारं) च्या ब्लॉकमध्ये आधी टीआर (अक्षरं बदलणारं) ने ०-९ चे इंग्रजी आकडे करा, मग बॅकस्लॅश डी प्लस ने आकडा काढा, मग टू_आय. टीआर नवी स्ट्रिंग देतं त्यामुळे फाइलचं नाव आहे तसंच राहतं.

उत्तर २:
गायब फाइलींचं एक्स्टेन्शन बघा, कॅपिटलमध्ये असणार, लिनक्सवर ग्लोबला ते वेगळं वाटतं. सगळंच उचला आणि सिलेक्टमध्ये (हव्या त्याच निवडणारं) फाइल.एक्स्टनेम ला, म्हणजे एक्स्टेन्शनला, डाउनकेस (लहान अक्षरं करणारं) लावून तपासा. एमटाइमवर (फाइल शेवटची बदलल्याची वेळ) सॉर्ट करायच्या भानगडीत पडू नका, फाइली कॉपी झाल्या की ती वेळ बदलू शकते.

प्रश्नकर्ता:
जमलं!! सगळी पानं ओळीत आली, खूप आभार दोघांचे. आता इंग्रजी आकड्यांत तीन अंकी नावं द्यायचीत, ००१ वगैरे. नाव बदलायला फाइलयूटिल्स.एमव्ही बरोबर ना?

उत्तर १:
हो, आकड्याला टू_एस करून (परत मजकूर करून) आरजस्ट(३, '०') लावा, म्हणजे पुढे शून्यं भरून तीन अंक होतील, तिथे अंक इंग्रजीच टाका. पण एमव्ही त्या नावाची फाइल आधीच असेल तर न विचारता तिच्यावर लिहितं, आणि 'पान १२' आणि 'पान १२ (२)' अशी दोन स्कॅन असतील तर दोघांचा आकडा १२ च निघणार, म्हणजे एक पान कायमचं गेलं. म्हातारी वही आहे, परत स्कॅनरवर दाबायला नको. आधी फोल्डरची कॉपी काढा, नव्या नावांवर टॅली (कोणतं नाव किती वेळा आलं ते मोजणारं) मारून एकापेक्षा जास्त वेळा आलेली नावं शोधा, मग नोऑप आणि व्हर्बोज दोन्ही ट्रू ठेवून चालवा, नुसती यादी छापून येईल, फाइल एकही हलणार नाही. यादी नीट वाचून मगच नोऑप काढा.