अडुळसा आणि गुळवेल: थोडी भर

अडुळसा आणि गुळवेल या औषधी वनस्पतींवरील चर्चेत कुंपणाला अडुळसा लावावा, अशी सूचना आली आहे. ती मला पटते, कारण साताऱ्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर खोचलेली फांदी सहज जगते आणि कडू पानांना शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत. खोकल्यावर पानांचा रस मधातून देण्याच्या जुन्या रिवाजाला आधार आहे; पानांतील व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. मात्र व्हॅसिसिनमुळे गर्भाशयाचे आकुंचन वाढू शकते, म्हणून गरोदर स्त्रीला हा रस देऊ नये. ही गोष्ट चर्चेत यायलाच हवी होती.

गुळवेलीचा काढा घरातील सर्वांनी रोज घ्यावा, हे त्याच चर्चेतील मत मात्र मला मान्य नाही. तापात तो देण्याची परंपरा आहे, पण दीर्घकाळ घेतल्यावर यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत, आणि यकृताचा किंवा स्वप्रतिकार विकार (ज्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते) असणाऱ्यांनी तर वैद्यांना विचारल्याशिवाय तो घेऊच नये. वेल लावतानाही पारखून घ्यावी: खऱ्या गुळवेलीच्या हिरवट खोडावर ठळक गाठी नसतात, तर तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीचे करडे खोड बारीक गाठींनी भरलेले असते.